पान बेचाळीसचा दरोडा

केसरीनाथ म्हात्रे विनाकारण संशय घेत नसत. कारण ते आधी शोधून ठेवत. गॅसचा सिलिंडर आला की हलवून बघत, पेपराची पानं मोजून मगच वाचायला घेत, आणि देवळातून निघताना पायात चढवलेली चप्पल आपलीच आहे ना, हे तिचा तळ पालथा करून ठरवत. दापोड्याच्या भातशेतावर गोदाम उभं राहिलं आणि केसरीचा केसरीनाथशेठ झाला, तेव्हापासून तर आपल्याला शेठ म्हणणारा प्रत्येक जण काहीतरी मागायलाच आलाय, अशी त्यांची खात्री झाली होती. ती बऱ्याचदा खरी निघे, त्यामुळे स्वभाव सुधारायला वावच राहिला नव्हता.

तर अशा माणसाच्या घरात, भिवंडीत अंजूरफाट्याजवळच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, दर महिन्याला एक गुळगुळीत इंग्रजी मासिक येऊ लागलं. त्याच्या मुखपृष्ठावर चिलखत घातलेला, दाढी वाढलेला, रागावलेला माणूस असे. महिना बदलला की माणूस बदले, राग तोच. आत एक सीडी चिकटवलेली असे. पत्ता होता कुमारी करिष्मा केसरीनाथ म्हात्रे. करिष्मा म्हणजे शेठची मुलगी. बी. कॉम. होऊन एका ट्रान्स्पोर्टच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसत होती.

"ह्यो रागीट कोन?" शेठनी विचारलं.

"गेमचं मासिक आहे, बाबा. कुठला गेम चांगला, कसा खेळायचा, कुठून जायचं, सगळं असतं त्यात."

"खेलायचा सोडून वाचायचा? म्हंजे जेवाचा न्हाय, नुस्तीच मच्छीची किंमत इचारून घरी याचा?"

"लाईट असते का खेळायला?" करिष्मा म्हणाली आणि आत गेली.

ते भारनियमनाचे दिवस होते. भिवंडीत वीज राहायला नव्हती, पाहुणी म्हणून येत होती, आणि तीही चहा टाकेपर्यंत थांबत नव्हती. कापडाचे लूम बंद पडले की सगळ्या गावाचा खडखडाट एकदम थांबायचा आणि त्या शांततेत लोक एकमेकांच्या घरात काय चाललंय ते ऐकायचे. तेव्हा करिष्माचं उत्तर सरळ होतं. पण सरळ उत्तराइतका संशय शेठना दुसऱ्या कशाचाच येत नसे.

त्यांनी तज्ज्ञाचं मत घ्यायचं ठरवलं. इमारतीच्या तळमजल्यावर भाविकचं सायबर कॅफे होतं. वीज नसल्यामुळे भाविक शटर अर्धं ओढून बाहेर स्टुलावर पुठ्ठ्याने वारा घेत बसला होता.

"काका, छापील मासिक आता कोण वाचतो?" भाविक म्हणाला. "महिन्यापूर्वीचं शिळं असतं. नेटवर सगळं ताजं, फुकट मिळतं. दोन वर्षांत ही मासिकं रद्दीत दिसतील बघा."

"मंग आमची करिष्मा कशाला वाचते?"

"ते मी कसं सांगणार?" भाविक म्हणाला, आणि हातातला पुठ्ठा पाठीमागे लपवला. त्या पुठ्ठ्यावर एक दाढीवाला माणूस रागाने बघत होता, पण तेवढं मात्र शेठच्या नजरेतून सुटलं.

म्हणजे मासिक वाचण्यात काही अर्थ नाही, हे तज्ज्ञाने सांगितलं. अर्थ नसलेली गोष्ट माणूस दर महिन्याला करतो, म्हणजे आत दुसरा अर्थ आहे. एका दुपारी पार्वतीबाई, म्हणजे शेठची पत्नी, मंडईत गेल्या होत्या आणि करिष्मा कामावर होती. शेठनी दाराला कडी घातली, चष्मा पुसला, आणि मासिक पहिल्या पानापासून तपासायला घेतलं. इंग्रजी त्यांना दुकानाच्या पाट्यांपुरतं येत होतं. बेचाळिसाव्या पानावर आले आणि त्यांनी उठून दाराची कडी पुन्हा तपासली.

पानभर नकाशा होता. एका गोदामाचा. पुढे मोठं शटर, मागे लहान शटर, फाटकावर पहारेकरी, मागच्या अंगाला कुत्रा, आणि त्याच्याही मागे नाला. पहारेकरी कुठून कुठे फिरतो त्याचे बाण. आणि कडेला पेन्सिलने, मराठीत, ठळक, गोल अक्षरांत लिहिलं होतं: 'गुरखा डावीकडं वललां का मागच्या शटरनं शिरायचा. कुत्र्याला आगोदर बिस्कूट. आंधारात भिंतीला हात लावून. पेटी तिसऱ्या खांबामागं.' आणि खाली, अधोरेखित: 'शनवारी पुरां करू.'

शेठच्या दापोड्याच्या गोदामाला पुढे मोठं शटर होतं, मागे लहान शटर होतं, फाटकावर पहारेकरी चिंतू होता, आणि मागे नाला होता. आणि शनिवारीच मुंबईच्या एका मोठ्या कंपनीचे खुरानासाहेब गोदाम भाड्याने घ्यायचं का ते बघायला येणार होते. जुना भाडेकरू खोकी तशीच टाकून गेल्यापासून गोदाम रिकामं पडलं होतं. गोदाम रिकामं राहिलं की शेठचा परत केसरी व्हायला वेळ लागत नाही. नाक्यावरचे दोघे-तिघे आताच नुसते 'काय केसरीनाथ' म्हणू लागले होते. हा शनिवार हुकला, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोणी फिरकणार नव्हतं.

पानाच्या कोपऱ्यावर पिवळी बोटं उमटली होती. शेठनी ती हुंगली. हळद. पुन्हा हुंगली. हळदीच्या आत कोळंबीचा वास होता. म्हणजे टोळीतला एक जण जेवता जेवता कट शिजवत होता. अक्षर त्यांच्या ओळखीचं नव्हतं, म्हणजे माणूस बाहेरचा. त्या बाहेरच्या माणसाने आपल्या भोळ्या मुलीच्या मासिकाचा निरोप्या करून टाकला, हे शेठच्या लख्ख ध्यानात आलं. घरात बोलायची सोय नव्हती. बायकांच्या पोटात काही राहत नाही, या मताचे ते होते. म्हणून त्यांनी ही गोष्ट घरी सांगितली नाही आणि बाकी सगळ्या इमारतीला सांगितली.

समोरचा शैलेश विम्याची कामं करायचा. त्याने सल्ला दिला की चोरी व्हायच्या आत विमा काढा. वरच्या मजल्यावरच्या आक्का म्हणाल्या, शटरला लिंबू-मिरची बांध आणि चार दिवस कोळंबी खाऊ नको. यातलं कोळंबीचं काय ते शेठना कळलं नाही, पण आक्कांना कोळंबीचं कसं समजलं, म्हणून त्यांचंही नाव संशयितांत गेलं. गल्लीच्या टोकाला लूमचा कारखाना असलेले अन्सारीभाई मात्र गंभीर झाले. "शेठ, आजकल चोर भी पढ़ेलिखे हो गए हैं. मेरा कुत्ता ले जाओ. शेरू. आदमी को देखते ही फाड़ देता है."

शेरू बुधवारी टेम्पोतून दापोड्याला रवाना झाला आणि गोदामामागे बांधला गेला. नकाशात होता म्हणजे खऱ्यातही कुत्रा पाहिजे, नाहीतर टोळीला संशय येईल, असं शेठचं म्हणणं.

मग ते नाक्यावरच्या चौकीत गेले. हवालदारांनी पान बेचाळीस उलटसुलट करून पाहिलं.

"गुन्हा कधी घडला?"

"घडला न्हाय अजून. शनवारी घडनार हाय."

"मग रविवारी या."

"साहेब, ह्यो पुरावा हाय ना!"

"इंग्लिशमध्ये आहे. मराठी करून आणा, दोन प्रतीत. आणि या पानाची झेरॉक्स. गोदामात माल काय आहे?"

"रिकामा हाय."

हवालदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "रिकाम्या गोदामातून चोर नेणार काय?"

"तोच तर संशय हाय!" शेठ म्हणाले.

झेरॉक्सवाल्याकडे वीज नव्हती. वीज आली तेव्हा झेरॉक्सवाला जेवायला गेला होता. तो आला तेव्हा वीज गेली. संध्याकाळी अखेर जी प्रत निघाली तिच्यात गोदाम काळं, कुत्रा काळा आणि चोरांचा मार्गही काळा असं नुसतं डांबर उमटलं. ती पाहून हवालदारांनी मूळ मासिकच पुरावा म्हणून ठेवून घेतलं. पण शेठ पायऱ्या उतरत असताना त्यांनी मागून हाक मारली. "अहो म्हात्रे! यात पुढे त्या पेटीत काय निघतं?" चौकीतही आपला कोणी नाही, हे शेठना त्या क्षणी समजलं.

आता सगळं त्यांच्या एकट्यावर आलं होतं. शुक्रवारी दुपारी त्यांनी मागचं शटर कायमचं जोडून टाकायला वेल्डर बोलावला. त्याने यंत्र उतरवलं, काळा चष्मा लावला, ठिणगी पाडली, आणि वीज गेली. तो वाट बघून पडघ्याच्या दुसऱ्या कामाला निघून गेला. शेठनी मग मागच्या शटरला आतून नुसती कडी लावली आणि तिच्यापुढे, तिसऱ्या खांबामागे, जुन्या भाडेकरूची रिकामी खोकी छातीइतकी रचली.

शनिवारी सकाळी त्यांनी घरी सांगितलं की गणेशपुरीला दर्शनाला जातो. मोबाईल ऐन वेळी वाजून टोळी सावध होऊ नये, म्हणून तो उशीखाली ठेवला. दापोड्याला पोचल्यावर चिंतूला फाटकापाशी घेतलं. चिंतू त्यांचा गाववाला, सांगितलेलं काम अक्षर न् अक्षर करणारा. नेमकी तीच अडचण पुढे आली.

"चिंतू, मी आत लपून बसताव. टोली मागनं आत आली का आवाज व्हईल. आवाज झाला का पुढचा शटर पाडायचा आनि कुलूप ठोकायचा. कोनी काय पन सांगू दे, खोलायचा न्हाय."

"बरां."

"टोलीवाले लय हुशार असतान. माजा आवाज काढतील. तरी खोलायचा न्हाय."

"तुमचा आवाज आला तरी?"

"माजा आवाज आला तर आजिबात न्हाय."

"आनि चावी?"

"चावी माज्याकडं. चावी मी कोनाकडं देत न्हाय."

शेठ खोक्यांच्या आडोशाला बसले. जुना भाडेकरू सुताचा व्यापारी होता. भिंतींवर, खांबांवर, जमिनीवर सगळीकडे सुताचं बारीक तूस साचलं होतं. अर्ध्या तासात ते त्यांच्या नाकात शिरलं. त्यांनी नाक दाबलं, तोंड दाबलं, श्वास कोंडला. आणि मग जी शिंक आली ती अशी की नाल्यापलीकडचे बगळे उडाले.

पुढचं शटर खाडकन खाली आलं. कुलूप ठोकल्याचा आवाज आला. दिवे नव्हतेच. आत ठार काळोख झाला.

"चिंतू! अरे मी हाय! शिंकलो मी!"

बाहेरून चिंतूचा आवाज आला, भलताच खूश. "सेम टू सेम! शेठ बोलले होतंच, आवाज काढतील."

"अरे गाढवा, मी केसरीनाथ! तुज्या लग्नात आहेर कोनी केला?"

"ही पन माहिती काढलीन मेल्यांनी."

"ही घे चावी. शटरखालनं सरकवताव. बघ, वलखीची हाय."

"डुप्लिकेट हाय," चिंतू म्हणाला, आणि चावी परत आत सारली. मग तो रस्त्यापलीकडच्या एसटीडी बूथवर गेला आणि त्याने शेठच्या घरी फोन लावला. "काकी, चोर घावला. आत कोंडून ठेवलाव. शेठसारका बोलतंय, रडतंय पन शेठसारका."

पार्वतीबाईंना आपला नवरा कसा रडतो हे ठाऊक होतं. त्या आणि करिष्मा रिक्षा करून निघाल्या. त्या गोदामापाशी उतरतात तोच मागोमाग एक पांढरी गाडी येऊन थांबली. तिच्यातून खुरानासाहेब उतरले, हातात फाईल, डोळ्यांवर गॉगल. समोर बंद शटर, शटरला टेकून अभिमानाने उभा चिंतू, आणि आतून येणारा घोगरा आवाज: "पार्वते! पार्वते, ह्यो मला मारनार!"

"अंदर कौन है?" खुरानासाहेबांनी विचारलं.

"चोर हाय, साहेब," चिंतू म्हणाला.

"मालिक हाय," पार्वतीबाई म्हणाल्या.

खुरानासाहेबांनी गॉगल काढला. फाईल मात्र उघडली नाही.

चिंतूला समजावण्यात अर्थ नव्हता. शेठनी दिलेला शब्द तो शेठसाठीसुद्धा मोडणार नव्हता. पार्वतीबाईंनी साडीचा पदर खोचला आणि म्हणाल्या, "करिष्मा, मागच्या शटरनं."

मागे शेरू होता. माणूस दिसताच फाडणारा. पार्वतीबाईंनी पिशवीतून ग्लुकोज बिस्किटांचा पुडा काढला. रिक्षाच्या वाटेत पोरीला भूक लागेल म्हणून त्यांनी तो घेतला होता. पुडा फुटताच शेरूने शेपटी हलवली आणि अन्सारीभाईंच्या शब्दाला पार तिलांजली दिली. त्या नाल्याच्या कडेने पुढे गेल्या आणि मागच्या शटरला तोंड लावलं.

"अवो, ऐकतांव का?"

"मला कायच दिसत न्हाय," आतून आवाज आला. तो आवाज आता शेठचा नव्हता, नुसत्या घाबरलेल्या माणसाचा होता.

"दिसाया नको. डावा हात भिंतीला लावा. लावला? आता भिंत सोडायची न्हाय. चला. खांब लागल."

"लागला."

"ह्यो पैला. तसंच पुढं. घाई नको. दुसरा?"

"लागला."

"तिसऱ्या खांबामागं खोकी असतील."

"तुला कसा म्हायती?"

"मंग बोलू. खोकी उजवीकडं लोटा. एकदम न्हाय, वरनं एकेक. आता खाली वाका, कडी हाताला लागल."

करिष्मा बाजूला उभी राहून हसू दाबत होती. खुरानासाहेब नाल्यापर्यंत आले होते आणि डोळे मोठे करून ऐकत होते. कडी निघाल्याचा आवाज आला, शटर गुडघाभर वर गेलं, आणि त्याखालून सुताचं तूस माखलेले, पांढरे झालेले केसरीनाथशेठ सरपटत बाहेर आले. उजेडाने त्यांचे डोळे दिपले, पाय कडेवरून घसरला, आणि ते कमरेपर्यंत नाल्यात उभे राहिले. शेरूने मान वळवून इकडेतिकडे पाहिलं आणि उरलेलं बिस्कूट संपवलं.

"आप ही मिस्टर म्हात्रे?" खुरानासाहेबांनी विचारलं.

शेठनी आयुष्यात पहिल्यांदा हे नाकबूल करता आलं तर बरं, असा विचार केला. पण करिष्माने मान डोलावून टाकली होती.

"मतलब पीछे से कोई भी अंदर आ-जा सकता है," साहेब म्हणाले आणि वळले. गाडीकडे निघाले. शेठना वाटलं, गेलं. गोदाम गेलं, शेठपण गेलं, नाल्यातला चिखल तेवढा राहिला.

"साहेब, थांबा," पार्वतीबाई म्हणाल्या. त्यांची हिंदी लूमवाल्यांच्या बायकांशी बोलून तयार झालेली होती. "आपको आज पता चला ना? दूसरा गोदाम लोगे तो उधर भी पीछे का शटर होयेंगा, उधर कोन बतायेंगा? इधर मैं बताती. कुत्ते का भरोसा नहीं, बिस्कुट पे जाता है. वॉचमन आगे एकच है, वो डावीकडे गया तो इधर खाली. पीछे एक आदमी होना, शटर को भाहेर से ताला होना, और चावी एक के खिशे में नहीं होना."

खुरानासाहेब थांबले. त्यांनी शटर पाहिलं, नाला पाहिला, नाल्यातले शेठ पाहिले, आणि फाईल उघडली. "मॅडम जितना बोलीं, उतना करवा दीजिए. फिर मैं अगले हफ्ते काग़ज़ लेकर आता हूँ." गाडीत बसताना त्यांनी शेठना एवढंच सांगितलं, "और आप प्लीज़ छुपिए मत."

रिक्षात शेठना सगळ्यांपासून दूर, ड्रायव्हरशेजारी बसवलं गेलं, कारण वास येत होता. आंघोळ झाली, चहा झाला, तेव्हा हवालदार दारात आले. तपास पूर्ण झाला, म्हणाले, आणि मासिक परत दिलं. त्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ होतं आणि बेचाळिसाव्या पानावर पेन्सिलच्या अक्षरांखाली पेनाने लिहिलं होतं: 'खिडकीतूनही जाता येते. पाहणे.'

पार्वतीबाईंनी ते वाचलं. "आग बाय, खिडकी राहिलीच होती," त्या म्हणाल्या, कानामागची पेन्सिल काढली आणि त्याखाली लिहू लागल्या. ठळक, गोल अक्षरांत. बोटांना हळद होती.

शेठ बघतच राहिले. एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोचं अक्षर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. किराणा तोंडी, निरोप तोंडी, भांडणही तोंडी. सिलिंडर हलवून बघणारा, पेपराची पानं मोजणारा हा माणूस, आणि घरातल्या माणसाचं अक्षर त्याने परक्याचं म्हणून चौकीत नेऊन दिलं होतं. त्यांना फार लाज वाटली.

"म्हंजे तू?"

"मंग कोन? लाईट गेली का पोरगी वाचून सांगते, मी लिवून ठेवताव. लाईट आली का दोघी खेलताव. शनवारी तिला सुट्टी असते, म्हून शनवारी पुरां करनार होताव."

"मला सांगलास का न्हाय?"

पार्वतीबाईंनी पेन्सिल थांबवली. "तुमी इचारलांव का कवा? तुमी चौकशी करतांव. इचारत न्हाय."

शेठनी उगाच चष्मा पुसला.

पुढच्या महिन्याचा अंक शेठ स्वतः स्टँडवरच्या स्टॉलवरून घेऊन आले. आधी पानं मोजली, मग सीडी आहे ना ते बघितलं, आणि स्टॉलवाल्याने चांगली प्रत मागे ठेवली असेल म्हणून एकदा बदलूनही घेतली. खाली भाविकने विचारलं, "काका, छापील मासिक? नेटवर..." तर शेठ म्हणाले, "तुजा नेट आता चालू हाय का?" आणि भाविकने शटर ओढलं. मग तोच मागून वर आला. आक्का आल्या. शैलेश आला. हवालदार ड्युटी संपवून आले आणि दारात चप्पल काढताना शेठनी त्यांची चप्पल नीट बघून ठेवली.

वीज गेली. मेणबत्ती लागली. करिष्मा वाचू लागली, पार्वतीबाई लिहू लागल्या. किल्ल्याच्या तळघरात शिरायचं होतं आणि तिथला म्हातारा दारवान फार गोड बोलत होता.

"त्याच्यावर विश्वास ठेवायचा न्हाय," शेठ म्हणाले. "गोड बोलतोय म्हंजे चावी त्याच्याकडंच हाय."

करिष्माने पान उलटलं. "बरोबर, बाबा. चावी त्याच्याकडेच आहे."

सगळ्यांनी शेठकडे वळून पाहिलं. पार्वतीबाईंनी ते वाक्य लिहून घेतलं, आणि पुढे कंसात लिहिलं, 'ह्यांनी सांगितला.' शेठनी ते मेणबत्तीच्या उजेडात वाकून वाचलं. दोनदा वाचलं.

"हां, मंग दारवानाचा पुढं काय?" त्यांनी विचारलं.

आणि नेमकी त्याच वेळी वीज आली. पंखा फिरला, मेणबत्ती विझली, साऱ्या भिवंडीतून लूमचा खडखडाट एकदम उठला, आणि मंडळी "आली, आली!" करत आपापल्या घरी पळाली. करिष्मा कॉम्प्युटर लावायला उठली.

"खाली बस," शेठ म्हणाले. ते दारामागे गेले, मेन स्विच खाली ओढला, आणि अंधारात भिंतीला डावा हात लावून परत आपल्या जागेवर येऊन बसले. पार्वतीबाईंनी मेणबत्ती पुन्हा लावली.

"वाच."